पीएचपी ८.४: पान आणणं जुनंच, उकलणं मात्र नवं

पीएचपी या वेबसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत पानातून मजकूर काढणारा डॉमडॉक्युमेंट नावाचा जुना वर्ग आहे. त्याला एका साध्या पॅराग्राफ टॅगमध्ये ‘मराठी’ हा शब्द घालून द्या आणि लगेच त्याचा टेक्स्टकंटेंट, म्हणजे नुसता मजकूर, वाचा. त्यामागच्या लिबएक्सएमएल२ या लायब्ररीची जुनी आवृत्ती असेल, म्हणजे भाड्याच्या बहुतेक सर्व्हरवर असते तशी, तर पंधरा भलतीच चिन्हं परत येतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए, मग चलनाचं गोल चिन्ह, मग वर्तुळातला आर, आणि शेवटच्या वेलांटीपाशी चक्क जपानी येन. कारण साधं आहे. युनिकोडमधलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि एन्कोडिंग सांगितलं नसेल तर हा पार्सर, म्हणजे पान उकलणारा भाग, प्रत्येक बाइटला स्वतंत्र लॅटिन अक्षर समजतो. पाच चिन्हं, पंधरा बाइट, पंधरा अक्षरांचा चिवडा.

२१ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या पीएचपी ८.४ ने हे दुखणं मुळातून काढलं. दूरच्या सर्व्हरवरचं पान आणून त्यातून मजकूर वेगळा काढणाऱ्यांनी ८.४ वर जावं, असं सांगायला हे एकच कारण पुरेसं आहे. मात्र या कामाचे दोन भाग असतात, पान आणणं आणि ते उकलणं. दुसऱ्या भागात पीएचपीने मोठी झेप घेतली, पहिल्या भागातल्या डीफॉल्ट सेटिंग्ज मात्र जिथल्या तिथेच आहेत. परीक्षण दोन्हींचं करतो, पण मार्क वेगवेगळे देतो.

आणणं: दहापैकी सहा

फाइल-गेट-कंटेंट्स हे फंक्शन सगळ्यांना माहीत असतं. कंसात पत्ता टाकला की एका ओळीत पान हातात. एखाद्या ओळखीच्या एपीआयमधून चार ओळींचा जेसन आणायला ते ठीक आहे. रात्री दोन वाजता क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या कामाला नाही.

इथे घोडं पेंड खातं ते टाइमआउटपाशी. डीफॉल्ट सॉकेट टाइमआउट ६० सेकंदांचा असतो. स्ट्रीम कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे विनंतीसोबत द्यायच्या पर्यायांत, तो १० केला तरी ती मर्यादा एकूण वेळेची नसते, प्रत्येक वाचनापुरती असते. समोरचा सर्व्हर दर नऊ सेकंदांनी एक-एक थेंब सोडत राहिला, तर तुमची स्क्रिप्ट चातकासारखी वाट बघत बसते. ‘पण मॅक्स एक्झिक्यूशन टाइम ३० सेकंद आहे ना?’ आहे, पण लिनक्सवर ती मोजणी स्क्रिप्टच्या स्वतःच्या कामाची असते; नेटवर्कची वाट बघण्यात गेलेला वेळ तिच्यात धरत नाहीत. विंडोजवर धरतात. त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर तिसाव्या सेकंदाला मरणारी स्क्रिप्ट सर्व्हरवर दोन मिनिटं लटकते, आणि शेवटी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ५०४, म्हणजे ‘वेळ संपली’, देऊन मोकळा होतो.

बाकीच्या खोड्या भरभर सांगतो. यूजर एजंट सेट केला नसेल तर तो हेडर जातच नाही, आणि तेवढ्यावरून ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’, देणारे सर्व्हर भरपूर आहेत. ४०४ किंवा ५०० आला की वॉर्निंग आणि फॉल्स मिळतो, पानाचा मजकूर हातात येत नाही. तो हवा असेल तर कॉन्टेक्स्टमध्ये इग्नोअर एरर्स चालू करावं लागतं. ब्राउझरमधले सगळे हेडर उचलून कॉन्टेक्स्टमध्ये चिकटवले की त्यात ॲक्सेप्ट-एन्कोडिंगही येतं, समोरचा खुशाल जीझिपमध्ये दाबलेलं पान पाठवतो आणि हे फंक्शन ते उघडत नाही. आलेल्या मजकुराचे पहिले दोन बाइट हेक्समध्ये १एफ ८बी दिसले तर तो पान बिघडल्याचा प्रकार नाही, ते फक्त दाबलेलं आहे; जीझेडडिकोड लावा. ८.४ मध्ये शेवटच्या उत्तराचे हेडर मिळवायला वेगळं फंक्शन आलं, ही चांगली सोय. पण वाटेत रीडायरेक्ट झाले असतील तर सगळ्या टप्प्यांचे हेडर एकाच यादीत ओळीने येतात. पहिली स्टेटस ओळ वाचून ३०१ समजू नका, शेवटची शोधा.

म्हणून कर्ल. १९९८ मध्ये सुरू झालेल्या कर्ल प्रकल्पाची ही लायब्ररी पीएचपीत एक्स्टेंशन म्हणून मिळते आणि गंभीर कामाला दुसरा पर्याय बघायची गरज नाही. फक्त ती जशी मिळते तशी वापरायची नसते. एकूण टाइमआउटचं डीफॉल्ट मूल्य शून्य आहे, म्हणजे कधीच नाही. नुसतं कनेक्शन जुळायची वाट ३०० सेकंद बघितली जाते. रीडायरेक्टमागे जाणं बंद असतं. रिटर्नट्रान्सफर लावलं नाही तर आणलेलं पान थेट स्क्रीनवर ओतलं जातं.

चांगली सुरुवात अशी: कनेक्ट टाइमआउट ५ सेकंद, एकूण टाइमआउट २० सेकंद, आणि त्याखाली आणखी एक जाळी म्हणून लो-स्पीड मर्यादा, सलग १० सेकंद वेग सेकंदाला १००० बाइटच्या खाली राहिला की सोडून द्या. फॉलोलोकेशन चालू, कमाल रीडायरेक्ट ५. एन्कोडिंगच्या जागी रिकामी स्ट्रिंग द्या. रिकामी म्हणजे ‘नको’ असा अर्थ नाही, ‘तुला जे जे उघडता येतं ते सगळं माग आणि उघडून दे’ असा आहे. प्रोटोकॉलमध्ये फक्त एचटीटीपी आणि एचटीटीपीएस. यूजर एजंटमध्ये आपल्या प्रकल्पाचं नाव आणि संपर्काचं पान. ब्राउझरचं सोंग घेतलं की आज काम होतं, उद्या आख्खा आयपी ब्लॉक होतो, आणि तक्रार करायलाही तोंड उरत नाही.

पानाच्या आकाराला लगाम वेगळा घालावा लागतो. कुणी पत्त्याच्या जागी चार जीबीच्या व्हिडिओची लिंक दिली तर वीस सेकंदांत जेवढं येईल तेवढं मेमरीत चढतं. राइटफंक्शनमध्ये आलेल्या तुकड्यांची लांबी मोजत राहा आणि ५ एमबी ओलांडले की शून्य परत करा. कर्ल एरर २३ देऊन तिथेच थांबतं. ही चूक नाही, आपणच ब्रेक दाबलाय.

एरर क्रमांक पाठ असलेले बरे. ६ म्हणजे नाव सापडलं नाही, डीएनएसचं काम. ७ म्हणजे नाव सापडलं पण दार उघडलं नाही. शेअर्ड होस्टिंगवर हा आला तर होस्टनेच बाहेर जाणारा मार्ग बंद केला असण्याची शक्यता आधी तपासा. २८ म्हणजे वेळ संपली. ७७ म्हणजे सर्टिफिकेटांच्या यादीची नेमलेली फाइलच वाचता येत नाही, पुष्कळदा तिचा मार्ग चुकलेला असतो. आणि ६०.

हा ६० क्रमांक नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यावरचा सर्वांत लोकप्रिय उपाय रोगापेक्षा वाईट आहे. पान ब्राउझरमध्ये छान हिरवंगार उघडतं आणि कर्ल म्हणतं, सर्टिफिकेटवर विश्वास बसत नाही. पुष्कळदा दोष समोरच्या सर्व्हरचा असतो: त्याने स्वतःचं सर्टिफिकेट पाठवलेलं असतं, पण मधल्या दुव्याचं, म्हणजे इंटरमीजिएट, पाठवलेलं नसतं. ब्राउझरने तो दुवा आधी कुठेतरी पाहून ठेवलेला असतो किंवा तो स्वतः शोधून आणतो. कर्ल असले लाड करत नाही. मग लोक व्हेरिफायपिअर फॉल्स करतात आणि एरर जाते. त्याबरोबर आपण नक्की त्याच सर्व्हरशी बोलतोय याची खात्रीही जाते. योग्य मार्ग दहा मिनिटांचा आहे. ब्राउझरच्या सर्टिफिकेट खिडकीतून तो मधला दुवा पेम स्वरूपात उतरवा, सर्व्हरवरच्या सीए यादीची एक प्रत काढा, तिच्या शेवटी तो जोडा, आणि त्या एकाच साइटच्या विनंतीला सीएइन्फो या ऑप्शनमध्ये ही प्रत द्या. यादी जुनी असेल तर कर्लच्या संकेतस्थळावर मोझिलाच्या यादीवरून बनवलेली ताजी फाइल मिळते.

एकाच साइटची पन्नास पानं आणायची असतील तर कर्लचं हँडल दर वेळी नवीन बनवू नका. तेच वापरलं की कनेक्शन उघडं राहतं आणि टीएलएसची हातमिळवणी एकदाच होते. फरक डोळ्यांना दिसतो. वेगवेगळ्या साइट्स असतील तर कर्ल मल्टी. त्याचं लूप लिहिताना मल्टी-सिलेक्ट विसरलात तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन पंखा ओरडू लागतो, कारण लूप काही काम नसताना गरगरत असतं.

गझल (Guzzle) ही पीएचपी लायब्ररी आणि सिम्फनी या फ्रेमवर्कचा एचटीटीपी क्लायंट हे दोन्ही यावरचे चांगले थर आहेत. पण गझलमध्येही टाइमआउट सांगितला नाही तर तो शून्यच असतो, आणि सिम्फनीच्या क्लायंटमध्ये ‘टाइमआउट’ म्हणजे शांततेचा काळ. एकूण मर्यादा हवी तर मॅक्स ड्युरेशन द्यावं लागतं. थर बदलला म्हणून काळजी टळत नाही.

एक गोष्ट मात्र दमात घेऊन सांगायला हवी. पत्ता वापरणाऱ्याकडून घेत असाल, उदाहरणार्थ ‘लिंक टाका, आम्ही शीर्षक आणि चित्र दाखवतो’ अशी सोय असेल, तर तुम्ही अनोळखी माणसाला तुमच्या सर्व्हरच्या आतून ब्राउझर चालवायला देताय. १२७.०.०.१ वर तुमचंच ॲडमिन पॅनेल असू शकतं. १६९.२५४.१६९.२५४ वर क्लाउडवाल्यांची मेटाडेटा सेवा असते, आणि तिथून चाव्या निघू शकतात. डोमेनचं नाव आधी डीएनएसने सोडवून मिळालेला आयपी फिल्टर-व्हारने तपासा, ८.२ पासून त्यासाठी ग्लोबल रेंजचा फ्लॅग आहे. मग तोच आयपी कर्लच्या रिझॉल्व्ह ऑप्शनने खिळवून टाका, नाहीतर तपासणी आणि भेट यांच्या मधल्या क्षणात डीएनएस उत्तर बदलू शकतं. अशा कामात फॉलोलोकेशन बंद ठेवा आणि प्रत्येक रीडायरेक्ट हाताने, हीच तपासणी पुन्हा करून पार करा. पहिला पत्ता साळसूद आणि दुसरा आतल्या घराचा, ही जुनी युक्ती आहे.

उकलणं: दहापैकी नऊ

आता खरी मजा. डॉमडॉक्युमेंट पीएचपी ५ पासून, म्हणजे २००४ पासून सोबत आहे आणि त्याच्या मागे एचटीएमएल ४ च्या काळातला पार्सर आहे. सेक्शन, आर्टिकल, नॅव्ह असे टॅग दिसले की ‘टॅग अवैध’ म्हणून वॉर्निंगांचा पाऊस. लिंकमध्ये सुटा अँपरसँड दिसला की आणखी एक. त्यावर लिबएक्सएमएलच्या अंतर्गत एरर चालू करून पांघरूण घालायची पद्धत होती. आणि देवनागरीसाठी दोन टोटके प्रचलित होते. एक, मजकुराच्या आधी एक्सएमएलची एन्कोडिंग घोषणा चिकटवणं. चालतं, पण ती ओळ झाडात नोड होऊन राहते आणि पान परत लिहून काढलं की दिसते. दुसरा, एमबी-कन्व्हर्टने सगळी अक्षरं एचटीएमएल एंटिटीत बदलणं. ही सोय ८.२ पासून डेप्रिकेटेड आहे. जुन्या प्रकल्पात ही ओळ हमखास सापडते, शोधून काढा.

नवा वर्ग डॉम नेमस्पेसमध्ये आहे, एचटीएमएलडॉक्युमेंट. मागे लेक्सबोर नावाचं इंजिन आहे, ते पीएचपीसोबतच येतं, वेगळं बसवायला नको. आजचे ब्राउझर ज्या नियमांनी पान वाचतात त्याच नियमांनी हा वाचतो. क्रिएट-फ्रॉम-स्ट्रिंगला तीन गोष्टी द्या: मजकूर, लिबएक्सएमएलचा नो-एरर फ्लॅग, आणि तिसऱ्या जागी एन्कोडिंग. तिसरी जागा रिकामी ठेवली तर तो स्वतः ओळखायचा प्रयत्न करतो, पण कर्लने आणलेल्या पानाचा कंटेंट-टाइप हेडर तुमच्या हातात असतोच. त्यातला कॅरसेट उचलून द्या आणि विषय संपवा.

सर्वांत मोठं सुख म्हणजे क्वेरी-सिलेक्टर आणि क्वेरी-सिलेक्टर-ऑल. सीएसएस येणाऱ्या कुणालाही शिकवावं लागत नाही. क्लोजेस्ट, मॅचेस, क्लासलिस्ट, इनरएचटीएमएल, सगळं ब्राउझरसारखं. इतकी वर्षं केवळ यासाठी लोक बाहेरची लायब्ररी ओढून आणत होते.

बाजारभावाच्या पानाचं उदाहरण घेऊ. बाजार समितीच्या दरांचं टेबल नेहमी असं असतं: जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. मधूनच एखादी ओळ तारखेची, आख्खी रुंदी व्यापणारी. बाजार समितीचं नाव कधी स्वतंत्र स्तंभात, तेही रोस्पॅन लावून तीन ओळींना मिळून एकदाच.

इथे जुन्या आणि नव्या पार्सरमधला फरक लगेच दिसतो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमधून एक्सपाथ, म्हणजे पानातल्या घटकाचा मार्ग, कॉपी केला की त्यात टेबलनंतर टीबॉडी येतो, मूळ पानात तो लिहिलेला नसला तरी, कारण ब्राउझर तो स्वतः घालतो. जुना डॉमडॉक्युमेंट घालत नाही, म्हणून कॉपी केलेला एक्सपाथ शून्य ओळी देतो आणि माणूस डोकं खाजवत बसतो. नवा घालतो. पण मग उलटं होतं: जुन्या कोडमध्ये ‘टेबलाची थेट लेकरं असलेले टीआर’ असं लिहिलेलं असेल तर नव्यात ते रिकामं येतं, कारण मध्ये आता टीबॉडी आहे. थेट लेकरू न म्हणता वंशज म्हणा, दोन्हीकडे चालतं.

टेबल वाचताना स्तंभ क्रमांकावर विसंबू नका. आधी शीर्षकाची ओळ वाचा, ‘सर्वसाधारण दर’ कितव्या खणात आहे ते शोधा आणि तो क्रमांक वापरा. शीर्षक सापडलं नाही तर काम थांबवून कळवा. उद्या कुणी मध्ये एक स्तंभ घातला तर आवकेचा आकडा दर म्हणून छापला जाण्यापेक्षा काहीच न छापलेलं बरं. खणांची संख्या कमी भरली तर ती तारखेची ओळ आहे की रोस्पॅनमुळे कमी झाली आहे हे आधी कोलस्पॅन बघून ठरवा. रोस्पॅन असेल तर वरच्या ओळीचं नाव खाली ओढा.

जुन्यातून नव्यात येताना चार खड्डे आहेत. पहिला नेमस्पेसचा आणि सर्वांत फसवा: नव्या वर्गात सगळे टॅग एचटीएमएलच्या नेमस्पेसमध्ये जातात, त्यामुळे जुना एक्सपाथ काहीही कुरकुर न करता शून्य उत्तरं देतो. एकतर नेमस्पेसला उपसर्ग नोंदवा, किंवा पार्स करताना नो-डीफॉल्ट-एनएसचा फ्लॅग द्या, किंवा सरळ सीएसएस सिलेक्टरवर या. दुसरा, टॅगनेम आता कॅपिटल अक्षरांत येतं. स्मॉलशी तुलना करणारे इफ मुकाट्याने खोटे ठरतात. तिसरा, नसलेला ॲट्रिब्यूट मागितला की रिकामी स्ट्रिंग येत नाही, नल येतो. चौथा, जुन्या डॉमनोड प्रकाराची अपेक्षा करणारी तुमची फंक्शन्स नवा नोड स्वीकारत नाहीत, कारण ही दोन वेगळी घराणी आहेत. दहातला एक मार्क कापला तो पहिल्या खड्ड्यासाठी. एरर देणारा खड्डा परवडतो, गप्प बसणारा नाही.

देवनागरी हातात आल्यावर

पार्सरने अक्षरं नीट दिली की काम संपलं असं वाटतं. मराठी पानांच्या बाबतीत तिथून पुढे खरी साफसफाई असते.

टेबलाच्या रिकाम्या जागी एनबीएसपी एंटिटी, म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, असतेच. ती पार्स झाल्यावर यूटीएफ-८ मध्ये दोन बाइटची होते, सी२ आणि ए०. साधा ट्रिम ती काढत नाही म्हणून लोक ट्रिमच्या यादीत हे दोन बाइट घालतात. सगळं छान चालतं, आणि एक दिवस ‘विद्यापीठ’ शब्दाचं शेपूट तुटतं. ‘ठ’ चे बाइट आहेत ई०, ए४, ए०. ट्रिम बाइट बघतो, अक्षर नाही. शेवटचा ए० त्याच्या यादीत आहे, तो कापला जातो. पीठ, मीठ, मठ, ओठ, सगळे जखमी. मग जेसन-एन्कोड फॉल्स देतं, किंवा मायएसक्यूएल ‘चुकीचं स्ट्रिंग मूल्य’ म्हणून १३६६ फेकतं, आणि दोष पार्सरला दिला जातो. रोज वापरातल्या अक्षरांत शेवटी ए० असणारं हे एकच अक्षर, म्हणून ही चूक टेस्टिंगमध्ये सापडत नाही. ८.४ मध्ये एमबी-ट्रिम आलं आहे. ते अक्षरं ओळखतं आणि एनबीएसपी त्याच्या नेहमीच्या यादीतच आहे. या एका फंक्शनसाठीही अपग्रेड वसूल.

दुसरा सापळा आकड्यांचा. रेग्युलर एक्स्प्रेशनला यू मॉडिफायर लावला की अंकासाठीची डी-खूण देवनागरी अंकही मान्य करते. म्हणजे ‘१८५०’ तपासणीत पास होतो, आणि पुढच्याच ओळीत इंटव्हॅल त्याचा शून्य करतं, कारण त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात. कांद्याचा भाव शून्य! स्वल्पविरामाचंही तसंच: इंग्रजी अंकांतला सव्वा लाख आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहिलेला असेल तर इंटव्हॅल पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबून एक देतं. आधी एसटीआर-टीआरने दहा अंक बदला, स्वल्पविराम आणि रुपयाचं चिन्ह काढा, मगच संख्या करा.

तिसरा खास आपला. ‘दुसऱ्या’ किंवा ‘शेतकऱ्यांना’ या शब्दांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक नुक्तावाला ऱ आणि हलन्त. दुसरा साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर. दिसायला जुळे, बाइटांनी परके. एका पानावरचा शब्द दुसऱ्या पानावर शोधला तर सापडत नाही. इंटल या एक्स्टेंशनचा नॉर्मलायझर र आणि नुक्ता वेगळे आलेले असतील तर त्यांचा ऱ करून देतो, पण जॉइनरवाल्या रूपाला तो हात लावत नाही. ते एका एसटीआर-रिप्लेसने स्वतः बदलावं लागतं. आणि हो, सगळेच जॉइनर सरसकट उडवू नका, नाहीतर अर्ध्या र चा रफार होऊन ‘या’ च्या डोक्यावर जाऊन बसतो.

जुन्या मराठी साइट्सच्या संग्रहातली पानं आणत असाल तर एक प्रकार असा भेटेल की एन्कोडिंग बरोबर, बाइट बरोबर, आणि मजकूर तरी अगम्य. ती युनिकोडपूर्व फॉन्टची कृपा. शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत लॅटिन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असायची. पार्सर तिथे काहीच करू शकत नाही. त्या-त्या फॉन्टचा तक्ता घेऊन रूपांतर करावं लागतं. कोणता फॉन्ट आहे ते पानाच्या फॉन्ट टॅगमध्ये किंवा सीएसएसमध्ये लिहिलेलं असतं, म्हणून मजकूर काढताना ते नाव फेकून देऊ नका.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

सिम्पल एचटीएमएल डॉम अजूनही जुन्या प्रकल्पांत दिसतं. त्यात आकाराची मर्यादा ६,००,००० बाइट अशी आत लिहिलेली आहे. पान त्यापेक्षा मोठं झालं की फॉल्स मिळतो आणि त्याचं कारण कुठेच दिसत नाही. लूपमध्ये वापरलं आणि प्रत्येक पानानंतर क्लिअर केलं नाही तर मेमरी चढत जाते. नव्या कामात घेऊ नका. गूट (Goutte) या जुन्या लायब्ररीचा कारभार संपला आहे, त्याची जागा सिम्फनीच्या एचटीटीपी-ब्राउझरने घेतली. लॉगिन, फॉर्म, कुकी अशी साखळी असेल तर तो आणि डॉमक्रॉलर ही जोडी अजूनही कामाची.

पान आणलं आणि बॉडीत एक रिकामा डिव्ह आणि खंडीभर स्क्रिप्ट दिसल्या, तर मजकूर जावास्क्रिप्ट भरते आहे. लगेच हेडलेस, म्हणजे खिडकीविना चालणाऱ्या, क्रोमकडे धावू नका. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये फेच गाळणी लावून पान रिफ्रेश करा. पुष्कळदा तोच मजकूर जेसनमध्ये स्वच्छ येताना दिसतो आणि पार्सिंगची गरजच उरत नाही. नाहीतर पानाच्याच स्क्रिप्ट टॅगमध्ये एलडी-जेसन असतं; बातमी, पाककृती, वस्तूची किंमत, सगळं त्यात व्यवस्थित मांडलेलं. ते नवा पार्सर टेक्स्टकंटेंटने सरळ देतो. यातलं काहीच नसेल तरच खरा ब्राउझर चालवणारं सिम्फनीचं पँथर आणि क्रोम. मेमरीचं बिल वेगळं येईल.

पानं आणताना, काय आणायला परवानगी आहे ते सांगणारी त्या साइटची रोबोट्स फाइल वाचा. तिचे नियम आता आरएफसी ९३०९ मध्ये लिखित आहेत. ईटॅग, म्हणजे पानाच्या आवृत्तीची खूण, जपून ठेवा आणि पुढच्या वेळी पाठवा; पान बदललं नसेल तर ३०४ येतो आणि दोन्हीकडचा भार वाचतो. ४२९ आला तर रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये सांगितलेला वेळ थांबा. आणि आणलेलं पान पार्स करण्याआधी जसंच्या तसं डिस्कवर ठेवा, जीझिप करून, तारखेसह. स्टेटस २०० आणि ओळी शून्य, असं ज्या दिवशी होईल त्या दिवशी नेमकं काय आलं होतं हे बघायला दुसरा मार्ग नसतो.

कुठे मिळेल

डेबियन १३ मध्ये ८.४ थेट मिळतं. उबंटू २४.०४ मध्ये ८.३ आहे, तिथे ऑन्द्रेय सुरी यांच्या पीपीए या वेगळ्या पॅकेज-भांडारातून घ्यावं लागतं. दोन्हीकडे नुसतं पीएचपी बसवून डॉम येत नाही; एक्सएमएल, कर्ल, एमबीस्ट्रिंग आणि इंटल ही चार पॅकेजं वेगळी मागा. ८.४ ला सुरक्षा दुरुस्त्या २०२८ च्या अखेरपर्यंत मिळणार आहेत. ८.५ वर जायची तयारी असेल तर तिथे पत्ते उकलणारं यूआरआय एक्स्टेंशन अंगभूत आहे, आणि अर्धवट लिंक मूळ पानाच्या पत्त्याशी जोडण्यासाठी लिहिलेलं तुमचं चाळीस ओळींचं फंक्शन निवृत्त करता येतं. जोडताना मूळ पत्ता म्हणून तुम्ही मागितलेला पत्ता देऊ नका. रीडायरेक्टनंतर कर्लने कळवलेला शेवटचा पत्ता द्या, आणि पानात बेस टॅग असेल तर आधी त्याला विचारा.

शेअर्ड होस्टिंगवाल्यांनी नूतनीकरणाचे पैसे भरण्याआधी पॅनेलमध्ये तीन गोष्टी तपासाव्यात: आवृत्ती निवडायच्या यादीत ८.४ आहे का, इंटल चालू करता येतं का, आणि बाहेरच्या ४४३ पोर्टवर कर्ल जातं का. तिसऱ्याचं उत्तर पॅनेलमध्ये लिहिलेलं नसतं. चार ओळींची स्क्रिप्ट टाकून एरर क्रमांक बघा; ७ आला तर पैसे भरू नका.